रोज खिशात ठेवायचा चाकू: कोणता घ्यावा, धार कशी राखावी?

नदीकाठ | १९ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. हा धागा का काढतेय ते आधी सांगते.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्यातल्या म्हात्रे पुलावरून घरी येत होते. पुढच्या मुलीची गाडी एकदम वेडीवाकडी होऊन थांबली. नायलॉनचा मांजा तिच्या मनगटाला आणि पुढच्या चाकाच्या आसाला एकाच वेळी गुंडाळला गेला होता. चाक जरा सरकलं की मनगटाचा फास आवळायचा. आम्ही चार-पाच जण जमलो, पण कापायला कुणाकडेच काही नाही. मी किल्लीच्या दात्यांनी घासून पाहिलं, त्याने ताणच वाढला. मग मागून एक काका आले. त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून बोटभर चाकू काढला, पातं मांज्याखाली बाहेरच्या दिशेने सरकवलं आणि तीन ठिकाणी कापून तिला मोकळं केलं. मिनिटभराचं काम. जखम खोल नव्हती, पण तिचा पांढरा पडलेला चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत तो आपल्या पुलांवर लटकत असतोच.

तर मला पर्समध्ये कायम राहील असा छोटा, चांगला चाकू घ्यायचाय. एरवीचा वापर म्हणजे ऑफिसमधली पार्सलं, डब्यातली फळं, महिन्यातून एखादा किल्ला. बजेट अडीच हजारांपर्यंत. स्टेनलेस घ्यावा की साधं पोलाद? पातं उघडल्यावर अडकणारा हवा की साधा? जवळ बाळगणं कायद्यात बसतं का? आणि धार घरी लावता येते का? यातलं मला काहीही कळत नाही, तेव्हा सविस्तर लिहिलंत तर बरं.

सिंहगडरोड | १९ जानेवारी, रात्री ११:०५

चांगला धागा. चाकू निवडताना लोक आधी पोलादाचं नाव विचारतात. मी म्हणतो, आधी आठवडाभर एक यादी करा. कापायला काही नाही म्हणून दिवसातून किती वेळा अडलात, आणि काय कापायचं होतं? मी केली होती तेव्हा पार्सलची चिकटपट्टी, दुधाची पिशवी, नव्या शर्टाची प्लास्टिकची चिमटी, पेरू, सुतळी, औषधाच्या बाटलीचं सील एवढंच निघालं. यातल्या कशालाही ६ सेंटिमीटरहून लांब पातं लागत नाही.

तुमच्या वापरासाठी सरळ व्हिक्टोरिनॉक्सचा, मिटल्यावर ९१ मिलिमीटर लांबीचा, दोन थरांचा चाकू घ्या, स्पार्टन म्हणतात तो. मोठं पातं, छोटं पातं, डबा आणि बाटली उघडायची हत्यारं, बूच काढायचा स्क्रू, मागे टोचा, शिवाय चिमटा आणि दात कोरायची काडी. वजन साधारण ६० ग्रॅम. पर्समध्ये आहे हे विसरायला होतं.

कार्ल एल्सनर यांनी स्वित्झर्लंडच्या श्वीझ भागातल्या इबाख गावी १८८४ साली कारखाना काढला. १८९१ पासून ते तिथल्या सैन्याला चाकू पुरवू लागले. आज जो लाल चाकू आपण ओळखतो तो 'अधिकाऱ्यांचा चाकू' म्हणून १८९७ चा. त्याची खरी करामत पाठीच्या स्प्रिंगमध्ये आहे. एकच स्प्रिंग दोन्ही टोकांच्या हत्यारांना दाबून धरते, म्हणून एवढ्या जाडीत इतकी हत्यारं मावतात. कंपनीच्या नावातली 'व्हिक्टोरिया' म्हणजे त्यांची आई, आणि 'इनॉक्स' म्हणजे फ्रेंचमध्ये न गंजणारं पोलाद.

एक सावधगिरी. बाजारात नकला फार आहेत. मोठ्या पात्याच्या बुडाशी, मुठीत शिरतं तिथे, कंपनीचं नाव आणि 'स्विस मेड' कोरलेलं असतं ते बघा. पातं उघडताना आणि मिटताना स्वच्छ 'टक्' असा आवाज यायला हवा. नकली चाकूत पातं सैल डुलतं.

लाकडीमूठ | २० जानेवारी, सकाळी ७:४०

वरचा सल्ला चांगलाच आहे, पण फळं कापणार असाल तर ओपिनेल एकदा हातात धरून पाहाच. फ्रान्सच्या साव्हॉय भागातल्या जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा चाकू घडवला. बीचच्या लाकडाची मूठ, एक पातं, एक खीळ. पातं पातळ असल्यामुळे पेरूच्या फोडी कागदासारख्या पडतात. जाड पात्याचा चाकू पेरू कापत नाही, फोडतो.

८ नंबर सगळ्यात लोकप्रिय, पातं साडेआठ सेंटिमीटर. पर्ससाठी ६ नंबर पुरे. मुठीच्या तोंडाशी पोलादी कडं असतं, त्याला विरोब्लॉक म्हणतात. १९५५ पासून आहे. पातं उघडून कडं फिरवलं की पातं बोटावर मिटत नाही. मी डावखुरा आहे आणि मला याचं मोल फार. आत पट्टी सरकून अडकणारे बहुतेक चाकू उजव्या अंगठ्यासाठी केलेले असतात. हे कडं दोन्ही हातांना सारखंच.

माझा साध्या पोलादाचा आहे, अकरा वर्षांपासून. पात्यावर निळसर करडा रंग चढलाय. आंबा, कांदा, लिंबू, सगळ्यांनी आपापला ठसा ठेवलाय त्यावर. नवा होता तेव्हापेक्षा आज तो मला जास्त आवडतो.

राजगड_बालेकिल्ला | २० जानेवारी, दुपारी १:१५

ट्रेकच्या दृष्टीने लिहितो. माझ्याकडे डी२ पोलादाचा, एका हाताने उघडणारा, लायनर लॉकचा (आतली पट्टी सरकून पातं अडकवते तो) चाकू आहे. बजेटमध्ये बसतो आणि धार महिनोन्‌महिने टिकते. एका हाताने उघडण्याला मी महत्त्व देतो, कारण दुसऱ्या हातात बऱ्याचदा दोर किंवा कुणाचा तरी हात असतो. ताईंच्या मांज्याच्या प्रसंगातही एक हात फास सैल धरायला लागला असता.

क्लिप असेल तर खिशाच्या काठाला लटकतो, तळाशी जाऊन चिल्लर आणि किल्ल्यांत हरवत नाही. क्लिप आणि पात्यातलं गोल भोक ही दोन्ही सोय स्पायडर्कोने १९८१ च्या पहिल्या चाकूपासून रुळवली.

मंगळवारपेठ | २० जानेवारी, रात्री ९:३०

डी२ चं नाव निघालं म्हणून लिहितो. भोसरीच्या टूलरूममध्ये माझी ३४ वर्षं गेली. हे पोलाद आम्ही प्रेसच्या डायसाठी वापरायचो. आमच्याकडे त्याला एचसीएचसीआर म्हणत, म्हणजे भरपूर कार्बन, भरपूर क्रोमियम. कार्बन साधारण दीड टक्का, क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास. डाय म्हणून लाखो ठोके झेलतं, तर चाकूत धार टिकणारच.

पण एक गोष्ट समजून घ्या. पोलाद 'स्टेनलेस' व्हायला साधारण साडेदहा टक्के क्रोमियम पुरतं. मग १२ टक्के असून डी२ ला गंज का चढतो? कारण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन कठीण कण बनतात. धार टिकते ती त्या कणांमुळे. गंजाशी लढायला मोकळं क्रोमियम कमी उरतं. एकाच घरातली कमाई दोन ठिकाणी पुरवायची म्हटल्यावर जे होतं तेच इथे होतं.

आणि जे उशिरा बोथट होतं त्याला धार लावायलाही उशीर लागतो. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं कडकपणाच्या रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास असतं. दहा मिनिटांत घरच्या दगडावर परत तेज होतं. डी२ साधारण ६० असतं. नवख्या माणसाला त्यावर तासभर घासूनही काही हाती लागत नाही, आणि चिडून तो दगड ठेवून देतो. असे चाकू मी लोकांच्या घरी पाहिलेत. भारी पोलाद, आणि टोमॅटो कापत नाही.

म्हणून नदीकाठ, पहिल्या चाकूला मऊ पोलाद घ्या. ज्याची धार तुम्हाला स्वतःला काढता येते, असा चाकू घ्या. बाकी सगळं नंतर.

कट्ट्यावरचा | २० जानेवारी, रात्री ९:५२

मंगळवारपेठ काकांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१.

कैरीचं_लोणचं | २१ जानेवारी, सकाळी ११:२०

साध्या पोलादाला एवढं घाबरताय, पण आपल्या घराघरात ते होतंच की! विळी. माझ्या आजीच्या विळीचं पातं काळपट होतं, धारेची कड तेवढी चांदीसारखी. वर लाकडीमूठ यांनी लिहिलाय तसाच रंग. कैरी किंवा चिंच चिरली की आजी दुसरं काम हातात घ्यायच्या आधी पातं धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून ठेवायची. 'नंतर धुते' हा शब्द तिच्याकडे नव्हता. फणस कापायच्या आधी पात्याला तेलाचं बोट, म्हणजे चीक धरत नाही. पावसाळ्यात रोज रात्री तेलाचा हात. खंडेनवमीला विळी, अडकित्ता आणि आजोबांचा सुपारीचा चाकू पाटावर मांडून हळदकुंकू. वर्षातून एकदा प्रत्येक पातं नीट निरखलं जायचं, ते त्या दिवशी.

अडकित्त्यांवरून आठवलं, बाजीराव रस्त्यावरच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा संग्रह जरूर बघा. मोर, घोडे, माणसांच्या जोड्या, आणि सगळे कापायच्या कामाचे. रोज हातात असणारी कापायची वस्तू सुंदर असावी, हे आपल्याकडे किती जुनं आहे ते तिथे कळतं.

धार गेली की आजी चिनीमातीच्या बरणीच्या बुडाची खरखरीत कड वापरायची. मी आजही कपाच्या बुडावर सुरी घासते. चालतं.

नदीकाठ | २१ जानेवारी, रात्री १०:४०

किती छान लिहिताय सगळे. माझ्या आजीचीही विळी आहे, माळ्यावर पडलीय.

कायद्याचं कुणी सांगेल का? ऑफिसात एक जण म्हणाला, पर्समध्ये चाकू सापडला तर आत टाकतील.

कोर्टाची_पायरी | २२ जानेवारी, सकाळी ८:१५

मी फौजदारी बाजूची वकिली करतो, म्हणून नेमकं लिहितो.

शस्त्र अधिनियम १९५९ चा, आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. त्या नियमांच्या परिशिष्टात धारदार हत्यारांच्या वर्गात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. इथे चर्चेत असलेले चाकू ४ इंचांच्याही आतले आहेत.

पण तेवढ्यावर थांबू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त ठरावीक काळासाठी मनाई आदेश काढू शकतात. त्यात तलवारी, भाले, काठ्यांबरोबर चाकूही येतात, आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू. पात्याच्या लांबीचा प्रश्न तिथे उरत नाही. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात पुण्यात असे आदेश निघत राहतात आणि वर्तमानपत्रात छापून येतात. ते वाचायची सवय ठेवा. त्या दिवसांत, आणि मिरवणूक, सभा, सामना, कोर्ट अशा ठिकाणी जाताना चाकू घरी ठेवा. लोहगावहून विमानाने जाणार असाल तर चाकू फक्त चेक-इनच्या बॅगेत. हातातल्या सामानात नेलात तर सुरक्षा तपासणीला तिथेच सोडावा लागेल.

आणि अगदी मनापासून सांगतो. चाकू स्वसंरक्षणासाठी म्हणून घेऊ नका, तसं बोलूही नका. अंगावर आलेल्या माणसासमोर चाकू काढणाऱ्यालाच इजा होते, किंवा त्याच्या हातून आयुष्यभर पुरेल असं काहीतरी घडतं. अशा माणसांच्या आया माझ्या ऑफिसात बसून रडल्यात. चाकू फळं, दोर आणि खोक्यांसाठी.

राजगड_बालेकिल्ला | २२ जानेवारी, सकाळी ९:०२

वकीलसाहेब, पूर्ण सहमत. माझ्या एका हाताने उघडणाऱ्या चाकूबद्दलही एक दुरुस्ती करतो. किल्ल्यावर तो ठीक आहे. पण पीएमपीच्या बसमध्ये 'खट्' आवाज करत पातं उघडलं की शेजारचा दचकतो, आणि त्याचं दचकणं रास्त आहे. शहरात मी आता दोन हातांनी सावकाश उघडायचाच चाकू ठेवतो.

सिंहगडरोड | २२ जानेवारी, सकाळी ९:४४

अडकणाऱ्या पात्याबद्दल राहिलंच. अडकत नसलेल्या चाकूत फक्त स्प्रिंगचा दाब असतो. पातं नेहमी धारेच्या दिशेनेच दाबायचं. टोकाने टोचायला गेलात किंवा पाठीवर जोर आला तर ते बोटावर मिटतं. टोचायचं काम टोच्याने करा, तो त्यासाठीच दिलाय. अडकणारा असेल तरी त्यावर आंधळा विश्वास नको. कुलपात धूळ किंवा कापूस बसला की ते अर्धवट अडकतं. आणि हातातून चाकू सुटला तर पकडायला जायचं नाही. पाय मागे घ्यायचे आणि पडू द्यायचा.

नदीकाठ | २५ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

स्पार्टन घेतला! बोहरी आळीत दोन दुकानांत पाहिला, दुसऱ्या दुकानदाराने स्वतःहून बुडाचा शिक्का दाखवला. लाकडीमूठ, तुमच्या ओपिनेलनेही मोहात पाडलं होतं, पण टोचा आणि चिमटा यांनी पारडं झुकलं. काल ऑफिसात सात पार्सलं उघडली.

आता धार कशी लावायची ते शिकवा. आमच्या सोसायटीत सायकलवर चाक घेऊन धारवाले येतात, त्यांच्याकडून लावून घेऊ का?

मंगळवारपेठ | २५ जानेवारी, रात्री ८:१०

अभिनंदन. चाकाबद्दल थांबा जरा.

पोलादाला पाणी देतात, म्हणजे लालबुंद तापवून झटक्यात थंड करतात, तेव्हा ते काचेसारखं कडक पण ठिसूळ होतं. मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. साध्या पोलादाच्या चाकूला ही दुसरी तापवणी साधारण दोनशे अंशांच्या आसपासची असते. कोरड्या चाकावर पातं दाबून धरलं की धारेची पातळ कड क्षणात याहून जास्त तापते. पुढे कडेला गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशे अंशांच्या सुमाराला निळा रंग येतो. निळा दिसला की त्या जागेचं पाणी उतरलं. कितीही घासा, तिथे धार टिकत नाही. माझ्या भावाच्या चांगल्या चाकूचं टोक असंच निळं करून मिळालं होतं. टोकाकडून ४ मिलिमीटर घासून उडवावं लागलं, तेव्हा कुठे चांगलं पोलाद लागलं.

सगळे धारवाले असं करत नाहीत. जो माणूस दर दोन-तीन फिरकीला पातं पाण्यात बुडवतो, हलक्या हाताने धरतो, त्याच्याकडे घरातल्या सुऱ्या खुशाल द्या. आमच्या लहानपणी येणारे शिकलगार पात्याला बोट लावून उष्णता बघत राहायचे. शिकलगार म्हणजे मूळचे हत्यारांना जिल्हई देणारे कारागीर, ती नजर त्यांच्या हातात पिढ्यांची होती. पण खिशातला छोटा चाकू घरच्या दगडावरच पाजळा. पातं लहान आहे, प्रत्येक चाक थोडं पोलाद खाऊन जातं.

दगडाचं आपले सभासद 'सहाण' सांगतील, ते या कामात माझ्यापेक्षा पुढे आहेत.

सहाण | २६ जानेवारी, सकाळी १०:००

काकांनी बोलावलं म्हणून आलो. आज सुट्टी आहे, बैजवार लिहितो.

दगड एकच घ्या, दोन बाजूंचा. एक बाजू ४०० च्या आसपास, दुसरी १००० ची. आकडा जितका मोठा तितका कण बारीक. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा करडा दुरंगी दगडही शिकायला पुरतो. पूर्वी आपल्याकडे कुरुंदाचा दगड असायचा. तेच खनिज, इंग्रजीतला कोरंडम हा शब्दच दक्षिण भारतातल्या कुरुंदम्‌वरून गेलाय. हे मला कळलं तेव्हा दगड हातात घेताना जरा वेगळंच वाटलं.

दगड दहा मिनिटं पाण्यात ठेवा (पाण्याचा असेल तर, तेलाच्या दगडाला तेलच). ओल्या फडक्यावर मांडा म्हणजे सरकत नाही.

आता कोन. लोक इथेच अडतात, म्हणून सावकाश वाचा. पातं दगडावर सरळ उभं धरा, हे ९० अंश. अर्ध्यावर झुकवा, ४५. पुन्हा अर्ध्यावर, साडेबावीस. त्याहून किंचित खाली २० अंश, तुमच्या चाकूला तो उत्तम. हिशेबाने हवं असेल तर २ सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ २० अंशांना दगडापासून सुमारे ७ मिलिमीटर वर राहते, १५ अंशांना सुमारे ५. पात्याची रुंदी मोजा, या हिशेबाने पाठ जितकी वर हवी तितक्या उंचीची नाणी एकावर एक ठेवा, पाठ त्यांवर टेकवून पहिल्यांदा कोन बघून घ्या. मग नाणी काढा. मनगट लॉक करायचं आणि हालचाल खांद्यातून करायची.

धारेच्या दोन्ही अंगांना काळ्या मार्कर पेनने रेघ मारा. चार वेळा दगडावरून फिरवा आणि बघा शाई कुठली गेली. फक्त वरची गेली तर कोन फार आडवा आहे. फक्त अगदी कडेची गेली तर फार उभा. पूर्ण पट्टी उजळली तर तुमचा कोन जुळला. माझ्या मते या एका युक्तीने महिन्याभराची धडपड वाचते.

एका बाजूने घासत राहा. किती वेळा? मोजू नका. धारेच्या दुसऱ्या बाजूला अंगठा *आडवा*, पाठीकडून धारेकडे, हलकेच सरकवून बघा. बारीक खरखर लागेल, नखाला अडेल असं काहीतरी. ते धारेचं उलटलेलं पोलाद, आम्ही त्याला बर म्हणतो. बुडापासून टोकापर्यंत बर लागेपर्यंत बाजू बदलायची नाही. नवीन माणसाचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. अर्ध्या पात्याला बर येते, तो बाजू बदलतो, आणि मग चाकू टोकाकडे कापतच नाही.

मग दुसरी बाजू तशीच. मग बारीक बाजूवर दोन्हीकडून, दर खेपेला दाब कमी करत. शेवटच्या खेपा तर पात्याच्या स्वतःच्या वजनाने. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, पाठ पुढे धार मागे, असं वीसेक वेळा ओढा. न्हावी वस्तरा पट्ट्यावर ओढतात तसंच. राहिलेली बर तिथे निघते. ती राहिली तर चाकू पहिल्या दिवशी भयंकर तेज वाटतो आणि तिसऱ्या दिवशी बोथट होतो.

तपासायला वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापा. टमाटा जास्त खरा. पात्याचं वजन ठेवताच साल सोडली पाहिजे. बोटाच्या पेरावर धार ओढून बघू नका.

पहिल्या वेळी तास लागेल. दहाव्या वेळी दहा मिनिटं.

नदीकाठ | २६ जानेवारी, रात्री ९:१८

सहाण, हे मी छापून स्वयंपाकघरात लावलंय. आधी घरातल्या जुन्या सुरीवर करते, मग चाकूवर. मार्करची युक्ती करून पाहिली. शाई फक्त वरची गेली. म्हणजे मी फार आडवं धरत होते!

लाकडीमूठ | २७ जानेवारी, सकाळी ७:०५

धारेबरोबर देखभालीचंही लिहून ठेवतो, पुढे कुणी धागा शोधत आलं तर.

सांध्यात तेलाचा एक थेंब, फक्त एक. उघडमीट करून बाहेर आलेलं पुसायचं. शिलाई मशीनचं तेल उत्तम. पात्याने फळं कापत असाल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन बरं. मोहरी किंवा जवसाचं तेल सांध्यात नको. हवेत सुकून त्याचा चिकट थर होतो आणि पातं जड उघडतं. खोबरेल थंडीत गोठतं. पुण्याच्या जानेवारीत सकाळी बाटली बघितलीत तर कळेल.

जवसाचं तेल लाकडी मुठीला मात्र छान. ओपिनेलचं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि पातं आत रुतून बसतं. नखाने ओढत बसू नका. मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच ठोका, पातं थोडं बाहेर येतं. फ्रान्समध्ये ही युक्ती साव्हॉयच्या लोकांच्या नावाने ओळखली जाते. मी मे महिन्यात मुठीला दोन-तीन हात जवसाचं तेल देऊन उन्हात ठेवतो, मग जुलैत त्रास कमी होतो.

आणि चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरतं.

कैरीचं_लोणचं | २७ जानेवारी, दुपारी १२:३३

मे आणि जवसावरून आठवलं, हापूसचा सीझन आला की साध्या पोलादाच्या पात्यावर आंब्याच्या रसाचे काळे-निळे डाग पडतील. घाबरू नका, घासून काढूही नका. लाल-तपकिरी आणि बोटाला पूड लागते तो गंज. काळा-निळा आणि पुसला तरी तसाच राहतो तो रंग, तो राहू द्या.

नदीकाठ | १४ जुलै, रात्री ९:५०

बऱ्याच महिन्यांनी धागा वर आणतेय. चाकू रोज जवळ आहे. मार्चपर्यंत धार मला नीट जमायला लागली. फेब्रुवारीत एकदा कोथरूडला झाडाच्या फांदीवरून लोंबणारा मांजा कापून गुंडाळून कचऱ्यात टाकला, तेव्हा फार बरं वाटलं.

आता अडचण. गेल्या रविवारी तोरण्याला गेलो होतो. दिवसभर पाऊस, चाकू ओल्या पँटच्या खिशात, आणि घरी येऊन मी तशीच झोपले. आज बघते तर मोठ्या पात्याच्या सांध्यापाशी तपकिरी ठिपके. हा तर स्टेनलेस ना? नकली निघाला की काय?

मंगळवारपेठ | १४ जुलै, रात्री १०:२५

नकली नाही. स्टेनलेस म्हणजे गंजाला दाद कमी देणारं, अजिबात न गंजणारं नव्हे. पात्याच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. खरवडला गेला तर हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा धरतो. पण सांध्याच्या फटीत घाम आणि पाणी साचून राहिलं की आत ऑक्सिजन पोचत नाही, घामातलं मीठ पापुद्रा खातं, आणि तिथेच ठिपके पडतात. टूलरूममध्ये व्हर्नियरवर (मोजमापाच्या पोलादी पट्टीवर) घामाच्या बोटांचे ठसे उमटायचे, तोच प्रकार.

कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाका. चाकू त्यात बुडवून प्रत्येक हत्यार दहा-वीस वेळा उघडमीट करा. खिशातला कापूस बाहेर येईल. ठिपक्यांवर खायच्या सोड्याची पेस्ट जुन्या टूथब्रशने घासा. स्वच्छ पाण्यात खळबळून सगळी हत्यारं अर्धी उघडी ठेवून पंख्याखाली रात्रभर वाळवा. सकाळी सांध्यात तेल. ठिपका वरवरचा असेल तर निघून जाईल. खड्डा पडला असेल तर तेवढा राहील, कापण्यावर परिणाम नाही.

नदीकाठ | १६ जुलै, सकाळी ८:४०

काका, गेले सगळे! एक अगदी टाचणीच्या टोकाएवढा राहिलाय, त्याला आता तसाच राहू देते.

सहाण | १६ जुलै, रात्री ८:००

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता संभाजी उद्यानात चार-पाच जण भेटतोय. दगड मी आणतो, बादली आणि फडकी कुणीतरी आणा. दुसऱ्याच्या हाताचा कोन शेजारी बसून पाहिला की लिहिलेलं पटकन कळतं. चाकू पिशवीत, मिटलेले. आणि वकीलसाहेबांनी सांगितलंय तसं, आदल्या दिवशी मनाई आदेश आहे का ते बघू, असला तर कुणाच्या तरी घरी बसू.

कोर्टाची_पायरी | १६ जुलै, रात्री ८:३५

उद्यानापेक्षा घरच बरं. माझ्या गच्चीवर या, शनिवार पेठेत. पत्ता निरोपातून पाठवतो. पाऊस आला तरी पत्रा आहे.

नदीकाठ | १६ जुलै, रात्री ९:१०

येते. फडकी माझ्याकडून. माळ्यावरून आजीची विळी काढलीय, पातं पूर्ण लाल झालंय. आणू का? सुटेल का तो गंज?

मंगळवारपेठ | १६ जुलै, रात्री ९:२२

आणा. पाट राहू द्या, पातं खिळीतून सुटत असेल तर सोडवा, आणि धारेवर जाड पुठ्ठा बांधून कापडी पिशवीत घाला. सोडवताना आज काहीही घासू नका. गंजाखाली पोलाद किती उरलंय ते आधी उजेडात बघू.